मावशीचं बऱ्हाणपूर

"वाकून बघ, पण ओढणी सांभाळ," मावशी म्हणाली. "दर सहलीला एकीची तरी ओढणी आत जायचीच."

मी कुंडाच्या गोल कठड्यावर हात टेकून वाकले. आतून गार हवा वर येत होती. खूप खाली, काळोखाच्या तळाशी पाणी चकाकत होतं, आणि जरा वेळ बघितल्यावर कळलं की ते साचलेलं नाही, वाहतंय. मागे-पुढे उघड्या माळावर अशीच कुंडं एका रांगेत लांबवर गेलेली दिसत होती.

"सातपुड्यातलं पाणी आहे," ती सांगत होती. "जमिनीच्या पोटातून बोगदा काढलाय, या कुंडातून त्या कुंडात. मोगलांच्या वेळचं काम. पंप नाही, मोटर नाही. पावणेचारशे वर्षं झाली, पाणी येतंच आहे."

"छान आहे," मी म्हणाले.

मी आणखी काही बोलेन म्हणून ती थांबली. मग पिशवी खांद्यावर सरकवून म्हणाली, "चल, टांगा उभा आहे."

एकोणीसशे एकोणनव्वदचा डिसेंबर. मी सतरा वर्षांची, बारावीत होते आणि कॉलेजला नाताळची सुट्टी लागली होती. ही मावशी म्हणजे माझ्या आईची बहीण नव्हे. आई गेली तेव्हा मी नववीत होते. माझे वडील, आप्पा, भुसावळला रेल्वेत मालगाडीचे गार्ड. एकदा ड्यूटीवर गेले की दोन-दोन, तीन-तीन दिवस घरी नसायचे. मी शेजारच्यांकडे जेवायची, त्यांच्याकडेच झोपायची. दीड वर्ष असं काढल्यावर आत्यानं पुढाकार घेतला आणि बऱ्हाणपूरच्या मराठी मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या, छत्तिशीला आलेल्या, भावंडांची लग्नं करण्यात स्वतःचं राहून गेलेल्या इंदुमतीबाई आप्पांशी लग्न करून आमच्या घरी आल्या. तिला काय म्हणायचं यावर मोठ्यांत बरीच चर्चा झाली. शेवटी आत्या म्हणाली, "मावशी म्हण." मी म्हणू लागले. पण मावशीला कुणी 'अहो मावशी, तुम्ही' म्हणतं का? मी म्हणायची.

मी तिला कधी वाईट बोलले नाही. तिनं केलेली भाजी नावडली तरी संपवायची. ताट उचलून ठेवायची. कॉलेजातून आले की ती दार उघडायची, मी "थँक यू" म्हणायची आणि माझ्या खोलीत जायची. ती हळू आवाजात बोलायची. मिठाची बरणी इकडची तिकडे ठेवायची तरी "इथे ठेवली तर चालेल ना?" असं मला विचारायची. दोन वर्षं अशीच गेली होती.

आदल्या संध्याकाळी ती म्हणाली होती, "उद्या बऱ्हाणपूरला जाऊन येते. शाळेत थोडं काम आहे. तू येतेस का? गाव दाखवते तुला." आप्पा ड्यूटीवर होते. नाही म्हणायला मला कारण सुचलं नाही, म्हणून मी हो म्हणाले. सकाळच्या पॅसेंजरनं निघालो. सावदा, निंभोरा, रावेर. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा. तासाभरात आम्ही फार तर पाच वाक्यं बोललो असू.

स्टेशनबाहेर मात्र वेगळंच घडलं. आठ-दहा टांगे उभे होते. त्यांतला एक पांढऱ्या दाढीचा टांगेवाला तिला पाहताच चाबूक खाली ठेवून उतरला.

"आओ बाई! दोन साल झाले. मी म्हटलं, भुसावळच्या लोकांनी बाईंना कुलपात ठेवलं की काय!" असं म्हणून त्यानं माझ्याकडे बघितलं. "इतकीच? या वेळेला सहल फारच छोटी आणली."

मावशी मोठ्यानं हसली. तो रमजानचाचा. दर वर्षी सातवीच्या मुलींची सहल मावशी त्याच्या आणि त्याच्या भावांच्या टांग्यांतून गावभर फिरवायची.

"चाचा, आज पूर्ण फेरी," ती म्हणाली. "एकही जागा सोडायची नाही."

"घाई आहे का?"

"घाई नाही. पण सगळं बघायचंय."

तिनं हे ज्या तऱ्हेनं म्हटलं त्याकडे तेव्हा माझं लक्ष गेलं नाही.

कुंडं बघून आम्ही गावात शिरलो. शनवारा दरवाज्याच्या कमानीखालून टांगा गेला तशी दोन्हीकडून यंत्रमागांची खटखट सुरू झाली. मावशीला आता पुढे बसायचं होतं. ती चाचाच्या शेजारी बसली आणि मागे वळून मला सांगत राहिली. हा दरवाजा, ही पेठ, इथे आमचा माग होता, आता सुरतेला असलेल्या भावानं विकला, त्या खिडकीतून आम्ही ताबूत बघायचो. रस्त्यावरून कुणी ना कुणी हाक मारायचं. "बाई, कधी आल्या?" "बाई, घरी या ना!" ती प्रत्येकीला नावानं उत्तर द्यायची, आणि नुसतं नाव नाही, "तुझ्या सासूचा गुडघा कसा आहे?" इथपर्यंत.

गांधी चौकाच्या जवळ टांगा थांबला. एका दुकानापुढे भल्यामोठ्या कढईत काळपट तांबूस, मनगटाएवढ्या जाड जिलब्या तळत होत्या. मी जन्मभर पिवळ्या, कुरकुरीत जिलब्याच पाहिल्या होत्या.

"माव्याची आहे," मावशी म्हणाली. "गरम खायची. थंड झाली की मजा गेली."

दुकानदार सलामतचाचा, पोट सुटलेले, गळ्यात पंचा. त्यांनी पानावर दोन जिलब्या ठेवल्या आणि विचारलं, "ही कोण? तुमची बेटी?"

मावशीनं माझ्याकडे बघितलं.

"भुसावळची आहे," ती म्हणाली.

सलामतचाचांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "खा, बेटा," एवढंच म्हणाले.

मी तुकडा तोडला. बाहेरून जराशी कडक, आत मऊ, खव्याचा खमंग वास, आणि गोड असूनही घशाशी न येणारी. मला बोलायचं भानच राहिलं नाही. एक संपवून मी वर बघितलं तर मावशी कोपरापर्यंत ओघळलेला पाक चाटत होती, अगदी लहान मुलीसारखी. मी तिला नीट जेवताना कधी पाहिलंच नव्हतं. घरी ती आमचं झाल्यावर, स्वयंपाकघरात, भिंतीकडे तोंड करून जेवायची.

"आणखी एक?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हणाले. मग म्हणाले, "आणि आप्पांसाठी पण बांधून घेऊ या."

ती एकदम वळून सलामतचाचांशी बोलायला लागली.

तिथून जामा मशिदीत गेलो. सकाळची वेळ, अंगण रिकामं, हौदाशी दोन म्हातारे बसलेले. रमजानचाचा स्वतः बरोबर आला आणि आतल्या भिंतीपाशी नेऊन त्यानं वर बोट दाखवलं. "वर अरबी. आणि खाली?" मी बघितलं. खाली नागरीत कोरलेल्या ओळी होत्या, संस्कृतमधल्या. "आमच्या मशिदीत संस्कृत आहे, बेटा. बाईंनी कितीतरी मुलींना वाचायला लावलं. तू वाच."

मला दहावीला संस्कृत होतं. मी अडखळत वाचायला लागले. एका जोडाक्षरापाशी अडले तर मावशी हळूच पुढचं सांगायची. शेवटपर्यंत वाचून झालं तेव्हा हौदाजवळच्या एका म्हाताऱ्यानं "शाबास!" म्हटलं. मला उगीचच फार आनंद झाला.

मग तापीच्या काठावरचा शाही किल्ला. तिथल्या हमामखान्याच्या, म्हणजे शाही न्हाणीघराच्या, छताची नक्षी अजून टिकून होती, वेलबुट्टी, निळे-तांबडे रंग. मान वर करून बघताना मावशी म्हणाली, "इथलं पाणी कुठून यायचं सांग." मी म्हणाले, "त्या कुंडांतून?" तिनं माझ्या पाठीवर थाप मारली. दोन वर्षांत पहिल्यांदा तिनं मला हात लावला होता. तिच्याही ते लक्षात आलं असावं. तिनं हात पटकन मागे घेतला.

"चल, दराबा खायला घालते," ती म्हणाली.

दराबा म्हणजे रवा, साखर आणि तूप. पण ते हातानं इतकं फेटतात की शेवटी लोण्यासारखं पांढरं आणि हलकं होतं. आम्ही तो एका बोळातल्या घरी खाल्ला. तिथल्या बाईंची थोरली मुलगी मावशीची विद्यार्थिनी. मी विचारलं, "किती वेळ फेटायचं?" त्या म्हणाल्या, "दंड भरून येईपर्यंत आणि वर अर्धा तास." मावशी म्हणाली, "मी शिकवीन तुला," आणि लगेच, चुकून काही बोलून गेल्यासारखी, पदर सावरून उठली. "शाळेत जायला हवं. मोठ्या बाई वाट बघत असतील."

शाळा दुमजली होती, पुढे कडुनिंब. मधली सुट्टी चालू होती. आम्ही फाटकातून आत पाऊल टाकलं आणि कुणीतरी किंचाळलं, "नेहेतेबाई!" मग काय, चाळीस-पन्नास मुलींचा लोंढा आला. नेहेते हे आमचं आडनाव. लग्नानंतर जेमतेम महिनाभर ती या शाळेत त्या नावानं शिकवत होती, तरी मुलींनी ते लक्षात ठेवलं होतं. मी बाजूला कडुनिंबाखाली उभी राहिले.

"एक-एक! एक-एक बोला!" मावशी ओरडली. "शर्मिष्ठा, वेणी कोणी घातली तुझी? झाडू बांधलाय का? इकडे ये!"

पटांगणाच्या पलीकडे ऐकू जाईल असा तो आवाज होता. तिचा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीतच नव्हतं. ती पायरीवर बसून त्या मुलीची वेणी सोडून परत घालत होती, घालता घालता दुसरीला पाढा विचारत होती, तिसरीच्या कानाला हात लावून ताप आहे का बघत होती. मला वाटलं, ही आमच्या घरात दोन वर्षं राहते ती कोण मग?

मुख्याध्यापिका तारेबाई बारीक, ताठ, चष्म्यावरून बघणाऱ्या. त्यांच्या खोलीत आम्हांला चहा मिळाला. मावशीनं ओळख करून द्यायच्या आतच त्या मला म्हणाल्या, "तू ज्योत्स्ना ना? रसायनशास्त्रात कॉलेजात पहिली आलीस. तुला कार्ल्याची भाजी आवडत नाही पण तू तसं सांगत नाहीस. गाणं छान म्हणतेस, पण फक्त न्हाणीघरात."

मी मावशीकडे बघितलं.

"हिच्या पत्रांत दुसरं काही नसतंच," तारेबाई म्हणाल्या. मग मावशीकडे वळल्या. "इंदू, काय ठरलं तुझं? दोन वर्षं मी तुझी बिनपगारी रजा वाढवत आले. आता संस्था ऐकत नाही. सोमवारी, एक तारखेला, रुजू हो, नाहीतर राजीनामा दे. वसतिगृहातली तुझी खोली मी झाडून घेतलीय. खिडकीला नवी जाळी लावलीय."

मावशीनं माझ्याकडे बघितलं नाही. "संध्याकाळी कळवते, बाई," ती म्हणाली.

"संध्याकाळी कसं? पाचची गाडी ना तुमची?"

"त्याआधी सांगून जाईन."

मी कप खाली ठेवला. चहा अर्धा होता.

जेवायला रमजानचाचानं आम्हांला मांड्यांच्या दुकानी नेलं. उपड्या कढईवर एक माणूस चादरीएवढी पातळ पोळी हवेत फिरवून टाकत होता. एरवी मी तोंडात बोट घालून बघत बसले असते. मावशीनं मांडा घडी करून माझ्या ताटात ठेवला, शेजारी वांग्याची भाजी वाढली. मला तारेबाईंचंच बोलणं ऐकू येत होतं. दोन वर्षं मी मनातल्या मनात हेच मागत होते. ही जावी, घर पहिल्यासारखं व्हावं. आणि आता ती जाणार होती तर मी नुसते मांड्याचे तुकडे करत बसले होते.

"तिखट लागतंय?" तिनं विचारलं.

"नाही. छान आहे."

तिच्याही ताटात सगळं तसंच होतं.

शेवटची जागा तापीच्या पलीकडे होती. घाटावरून नाव होती. नदीला पाणी बेताचं, तळाचे दगड दिसत होते. पलीकडे झैनाबादला उतरून थोडं चालल्यावर आहुखाना. जुनी बाग, आता नुसती झुडपं, आणि मधोमध एक पडकी बारादरी, बारा कमानींचा उघडा मंडप. मुमताजमहल बऱ्हाणपुरात बाळंतपणात गेली तेव्हा तिला आधी इथे पुरलं होतं.

"सहा महिने इथे होती," मावशी म्हणाली. आता ती पुन्हा हळू बोलत होती. "मग आग्र्याला नेलं. ताजमहाल सगळ्यांना ठाऊक आहे. इथे फारसं कुणी येत नाही."

"मग तुम्ही मुलींना का आणायचात?"

"मला आवडतं इथे." ती एका दगडावर बसली. "जिथे कायमचं राहायचं नसतं अशा जागेलाही माणूस जीव लावतं."

मला राहवलं नाही. "तुम्ही जाणार आहात ना? आम्हांला सोडून?"

"तुम्हांला सोडून नाही. रविवारी येत जाईन."

"आप्पांना सांगितलंय?"

"नाही. आधी तुला विचारायचं होतं."

"मग घरी का नाही विचारलंत? एवढ्या लांब आणून, खाऊ घालून..."

"घरी विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?"

मी काय म्हणाले असते, ते आम्हां दोघींनाही ठाऊक होतं.

"मला वाटलं," ती म्हणाली, "एकदा हिला दाखवावं, मी कुठली, कशी आहे ते. मग जा म्हणाली तरी चालेल. निदान आपण कुणाला जा म्हणतोय ते तिला माहीत असेल."

बारादरीच्या कमानीत पारवे घुमत होते. मी पायानं माती उकरत उभी राहिले.

"नोकरी सोडलीत कशाला मग?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. "कुणी सांगितलं होतं?"

"तुझ्या आप्पांनी. लग्नाआधी एकच गोष्ट मागितली त्यांनी. म्हणाले, ज्योत्स्ना शाळेतून येते तेव्हा घराला कुलूप असतं. ती येईल तेव्हा दार उघडायला कुणीतरी हवं. मी हो म्हटलं. राजीनामा लिहायला बसले, पण हात चालला नाही. म्हणून रजा टाकली." ती जराशी हसली. "दोन वर्षं दार उघडतेय, ज्योत्स्ना. तू थँक यू म्हणतेस आणि आत जातेस. एवढ्यासाठी माणूस लागत नाही. मी तिथे काय करते ते मलाच कळेनासं झालंय. इथे निदान कुणाची तरी वेणी वाकडी असते."

ती रडत नव्हती. मीच रडायला लागले. आई गेल्यावर मी कुणासमोर रडले नव्हते, आत्यासमोरसुद्धा नाही. ती उठली, माझ्याजवळ आली, पण हात लावला नाही. दोन पावलांवर उभी राहिली. मला तिचा भयंकर राग आला, की ही अजूनही परवानगीची वाट बघतेय. मीच पुढे होऊन तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. तिच्या अंगाला तुपाचा आणि पाकाचा वास येत होता.

बऱ्याच वेळानं मी नाक पुसलं. "सकाळची पॅसेंजर इथे किती वाजता पोचते?"

"आपण आलो तीच? साडेनऊ."

"शाळा?"

"साडेदहा ते चार."

"आणि संध्याकाळची पाचची. सव्वासहाला भुसावळ." मी बोटांवर मोजत म्हणाले. "आमच्या कॉलेजात दोन सर जळगावहून रोज अप-डाऊन करतात. रेल्वेवाल्याच्या बायकोला पासही मिळेल. तू का नाही करत?"

"आणि दार?"

"दाराला किल्ली असते!" मी ओरडलेच. "किल्ली माझ्याकडे दे. मी साडेचारला येते, कुलूप उघडीन, चहा टाकीन. सकाळच्या पोळ्या आपण दोघी करू. तू माझ्यासाठी सोडलीस ना नोकरी? मग माझ्यासाठीच परत धर. फक्त..."

"फक्त काय?"

"खोलीबिली घ्यायची नाही. रोज परत यायचं."

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मला खाली बघावं लागलं. मग तिनं पदरानं माझं तोंड पुसलं, जरा जोरातच, आणि म्हणाली, "तारेबाईंची ती नवी जाळी वाया गेली."

घाटावर रमजानचाचा वाट बघत होता. मावशी टांग्यात चढता चढता म्हणाली, "चाचा, शाळेवरून घ्या. पळवा जरा, गाडी चुकेल." आणि चाचानं खरंच पळवला. शाळेच्या फाटकाशी ती उतरून धावत आत गेली, मी टांग्यातूनच बघत होते. तीन मिनिटांत परत आली. हातात तिचा जुना डस्टर होता. तो तारेबाईंनी दोन वर्षं टेबलाच्या खणात जपून ठेवला होता.

आप्पा शुक्रवारी सकाळी ड्यूटीवरून आले. मीच सांगितलं त्यांना. मावशी स्वयंपाकघरात भांडी लावत होती, पण भांड्यांचा आवाज येत नव्हता.

आप्पांनी बूट काढले, मोजे काढले. मग म्हणाले, "आणि डबा?"

"मी करीन."

"तुला येतो?"

"येईल."

आप्पा आतल्या दिशेला बघून म्हणाले, "माझं काय, मी मालगाडीत काहीही खातो. पण ऐका, पाचच्या गाडीला लेडीज डबा अगदी मागे लागतो. धावत पुढे जाऊ नका." एवढंच. मग भांडी लावल्याचा आवाज सुरू झाला.

मावशीनं पुढं तेवीस वर्षं हे अप-डाऊन केलं. शेवटची सहा वर्षं ती त्याच शाळेत तारेबाईंच्या खुर्चीवर बसली. मी नाशिकला आले, संसार झाला, आप्पा गेले, आता ती माझ्याकडेच असते. सगळ्यांसमोर जेवते आणि भाजीला मीठ कमी असेल तर माझ्या सुनेला लगेच सांगते. त्या टांग्याच्या फेरीबद्दल आम्ही दोघी पुष्कळदा बोलतो. तिच्या पहिल्या दिवसाबद्दल मात्र कधी बोलत नाही, मला लाज वाटते म्हणून.

एक जानेवारी, सोमवार. सुट्टी चालू होती, मी घरीच होते. चारलाच मी चहाचं आधण ठेवण्याची तयारी केली. सव्वासहा वाजले, साडेसहा वाजले. घराचं दार मी उघडंच ठेवलं होतं. पावणेसात वाजले तशी मी चप्पल पायात सरकवली आणि स्टेशनवर गेले. गाडी लेट असल्याची घोषणा होत होती, पण किती ते कुणी सांगत नव्हतं. मी पुलाखाली उभी राहिले. सात वाजून गेल्यावर गाडी आली. लोक उतरले, हमाल, दूधवाले, पुढे जळगावची गाडी धरणारी मुलं. मी पुढच्या डब्यापासून एकेक खिडकी बघत गेले. ती नव्हती. फलाट रिकामा होऊ लागला. वसतिगृहातली ती खोली माझ्या डोळ्यांपुढे आली, खिडकीला नवी जाळी. मी मागच्या बाजूला धावत सुटले.

अगदी शेवटच्या डब्यातून ती उतरत होती. एका बाईचं गाठोडं तिनं उतरवून घेतलं होतं, आता त्या बाईचं मूल कडेवरून खाली देत होती. साडीवर खडूची पांढरी भुकटी. मला बघून तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"ज्योत्स्ना? अगं, एवढ्या अंधारात तू इथे काय करतेस? काय झालं?"

"किती उशीर केलास!" मी म्हणाले. मला दम लागला होता.

"गाडी लेट झाली त्याला मी काय करू? रावेरला अर्धा तास उभी होती. पण तू कशाला आलीस? घरी थांबायचं सोडून?"

मी तिच्या हातातली पिशवी ओढून घेतली.

"घरी थांबून काय करू?" मी म्हणाले. "घरी कुणी नव्हतं."